डिंक सोडवणाऱ्या सिस्टर

आमच्या आळीत नव्या स्टीलच्या डब्यावरचं लेबल काढायचं असलं, की डबा सिस्टरकडे जायचा. बाकीच्या बायका ते लेबल नखानं, सुरीनं, नाहीतर घासणीनं खरवडायच्या. लेबल अर्धं निघायचं, अर्धं राहायचं आणि डब्यावर कायमचा ओरखडा उमटायचा. सिस्टर मात्र डबा मांडीवर घेऊन बसायच्या, खोबरेल तेलात बुडवलेलं बोट लेबलाच्या कडेनं फिरवायच्या आणि मग डब्याकडे न बघता भलत्याच विषयावर बोलायला लागायच्या. बोलणं संपता संपता लेबल अख्खंच्या अख्खं त्यांच्या बोटावर आलेलं असायचं. कुणी कौतुक केलं तर म्हणायच्या, "त्यात काय आहे? तीस वर्षं माणसांच्या अंगावरच्या पट्ट्या काढल्या. डबा निदान ओरडत तरी नाही."

त्यांचं नाव रेबेका होतं, पण ते रेशनकार्डापुरतं. सरकारी दवाखान्यात त्या तीस वर्षं नर्स होत्या आणि निवृत्त झाल्या तरी सगळ्या पनवेलसाठी सिस्टरच राहिल्या. इस्रायल तळ्याच्या अलीकडे एका बैठ्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्या एकट्याच राहायच्या. त्यांच्या ज्यू समाजाची बहुतेक घरं एकेक करून इस्रायलला निघून गेली होती. धाकटी बहीणही तिकडेच, अश्दोदला होती आणि दर पत्रात 'तू कधी येतेस?' असं विचारायची. सिस्टर ते पत्र आम्हाला वाचून दाखवायच्या आणि घडी घालून ठेवून द्यायच्या. "आमचे आजे घाण्यावर तेल काढायचे," त्या सांगायच्या. "शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. घाणा गेला, आजे गेले, शनिवार तेवढा राहिला माझ्याकडे."

तो शनिवार त्या कडकडीत पाळायच्या. शुक्रवारी दिवेलागणीला दिवा लावला, की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत शिवण नाही, पत्र नाही, कुणाचा डबासुद्धा नाही. पण दवाखान्यात होत्या तेव्हा शनिवारची ड्यूटी त्यांनी कधी नाकारली नव्हती. "आजाऱ्याला वार नसतो," असं त्या सांगायच्या, आणि त्याबद्दल त्यांना कुणाशी चर्चा करायची नसायची.

माझी आणि त्यांची खरी गाठ पडली ती अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमाराला, माझ्या फजितीमुळे. बाजारात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. माझा भाऊ बोटीवर नोकरीला लागण्याआधी त्यानं दुकानाच्या अर्ध्या भागात प्लायवुडची भिंत घालून व्हिडिओ गेमचं पार्लर सुरू केलं होतं. दोन टीव्ही, दोन यंत्रं, पाच-सात गेमच्या सीड्या. तो गेला आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते आणि स्थळं बघणं चालू होतं. मुलीनं गेमचं दुकान चालवावं हे बाबांना मुळीच पसंत नव्हतं. "दिवाळीपर्यंत बघ," ते म्हणाले. "नाही चाललं तर प्लायवुड काढून मी वह्यांची कपाटं लावणार." बोलताना ते रागावलेले नव्हते, त्यामुळे ते खरंच तसं करतील हे मला कळलं.

पाच-सात गेमवर दुकान चालत नव्हतं, कारण मुलांचे ते खेळून झाले होते. तेवढ्यात डोंबिवलीच्या एका बंद पडलेल्या गेमच्या वाचनालयातल्या सगळ्या सीड्या मला स्वस्तात मिळाल्या, एका पत्र्याच्या पेटीत. मी आनंदानं पेटी उघडली आणि मटकन खाली बसले. प्रत्येक सीडीवर वाचनालयाच्या नंबराची गोल कागदी चिकटी होती, वरून पारदर्शक टेप होती. पेटी दोन पावसाळे कुठेतरी ओलीत पडली असावी. डिंक पाझरून सीड्यांवर पसरला होता. काही पाकिटांना चिकटल्या होत्या, काही एकमेकींना. एक साफसूफ दिसणारी सीडी मी यंत्रात घातली. ती आत चिकटली, यंत्र घरघरलं आणि टीव्हीवर काळा पडदा राहिला.

शेजारी नंबरप्लेट रंगवणारा पेंटर होता. त्याच्याकडून मी वाटीभर थिनर आणलं. थिनरनं रंग निघतो, मग डिंक का नाही निघणार? निघाला. एका फटक्यात निघाला. त्याबरोबर सीडीवरची चकाकीही गेली. ती दुधाळ झाली आणि तिच्यात केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पसरत गेलं. माझ्या डोळ्यांदेखत. मी दुसरी घेतली, तिचंही तेच. तिसरीला हात घालणार तोच काउंटरवरून आवाज आला, "अगो, हे काय करतेस?"

सिस्टर बहिणीला पत्र पाठवायला लाल-निळ्या कडांची पाकिटं घ्यायला आल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा थिनरच्या वाटीवर झाकण ठेवलं. मग ती दुधाळ सीडी उचलून उजेडात धरली.

"भाजलीय ही," त्या म्हणाल्या.

"डिंक काढत होते, सिस्टर."

"डिंक निघाला. पेशंट गेला. काय उपयोग?" त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं. "ह्या सगळ्या अशाच आहेत?"

मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसत होतं. त्यांनी पाकिटं पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "पेटी माझ्याकडे पाठव. नाहीतरी मी रिकामीच बसलेय."

त्या रिकाम्या का बसल्या होत्या हे आळीत सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलायचं नाही. निवृत्त झाल्यावरही त्या घरोघर जाऊन इंजेक्शनं द्यायच्या, जखमा बांधायच्या. मग त्यांचा उजवा हात कापायला लागला. सुरुवातीला चहाच्या कपाला कळलं, मग बाकीच्यांना. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांना इंजेक्शन देताना त्यांना तीनदा टोचावं लागलं.  सिस्टर घरी आल्या, बॅग कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. त्यानंतर त्यांनी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. बहिणीला होकार कळवला, पासपोर्टचे कागद भरले. "इथे बसून राहायचं, तर तिथे बसून राहायचं," मला एकदा म्हणाल्या. "तिथे निदान बसायला बहीण आहे."

तर ती पेटी त्यांच्या ओटीवर गेली आणि दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा मी तिकडे जायला लागले. पहिला दिवस त्यांनी नुसता बघण्यात घालवला. वाया गेलेली एक सीडी त्यांनी दिव्यासमोर धरली. जिथून चिकटी ओरबाडून निघाली होती, तिथे आरपार उजेड दिसत होता. म्हणजे चिकटीबरोबर चांदीसारखा तो पापुद्राही निघून आला होता.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "मी समजत होते की चकचकीत बाजू नाजूक. ती तर जाड आहे. खरा जीव छापलेल्या बाजूला आहे, अगदी वरच्या वर, आणि चिकटी नेमकी तिथेच मारलीय. ओढलीस की कातडी सोलली म्हणून समज."

मग त्यांनी रीत ठरवली. गरम पाण्याची शेकायची पिशवी टॉवेलात गुंडाळून सीडीवर मिनिटभर ठेवायची. पिशवी कोमट हवी, कढत नको, नाहीतर सीडी वाकडी होईल. मग चिकटीचा एक कोपरा नखानं सोडवायचा आणि वर न ओढता मागे, अगदी सीडीला लागून दुमडत न्यायचा. दुसऱ्या हाताचं बोट चिकटी सुटते त्या जागेच्या मागोमाग दाबून ठेवायचं. राहिलेल्या डिंकावर खोबरेलाचा बोळा ठेवायचा आणि दुसरं काहीतरी करायचं. दहा मिनिटांनी डिंकाच्या वळ्या होऊन बोळ्याला लागायच्या. तेल काढायला रिठ्याचं कोमट पाणी, आणि पुसायला त्यांच्या जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की सीडी गोल गोल पुसू नये, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावी. ते मी वाचून दाखवलं तेव्हा सिस्टर खूश झाल्या. "जखमही अशीच पुसतात," त्या म्हणाल्या. "आतून बाहेर. लिहिणारा शहाणा आहे."

मी विचारलं, "तुमचा हात कापतो, जमेल का?"

असं तोंडावर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मलाही विचारल्यावर वाईट वाटलं. पण त्या हसल्या. "चोळायला कापरा हात बरा. निम्मं काम तोच करतो." मात्र कोपरा सोडवण्याचं काम त्या मला सांगायच्या. "तुझं नख, माझं तोंड," म्हणायच्या. आणि तोंड अखंड चालू असायचं. "दाबलंस का? हां. आता मागे. अगो, वर नाही, मागे!"

ज्या सीड्या गेल्या होत्या, त्यांचा त्यांनी वेगळा गठ्ठा केला. एकमेकींना चिकटलेल्या बहुतेक त्यात गेल्या. मी त्या पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघायचे. सिस्टर एकदाच बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. "गेलेल्याजवळ बसून राहिलीस तर जगणारा वाट बघतो," असं त्यांचं म्हणणं. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की दवाखान्यातल्या किती रात्रींमागून ते वाक्य आलं असेल, ते मला फार उशिरा सुचलं.

गणपती येईस्तोवर सत्तरेक सीड्या मोकळ्या झाल्या. मी दुकानात पाटी लावली आणि गेम घरी न्यायला द्यायला लागले. गर्दी वाढली. त्या गर्दीत हसुराम पाटील यायचे. शिरढोणचा माणूस, जुनं मिठागर आणि थोडी शेती. उंच, काळेसावळे, पांढरी टोपी. पोरांच्या घोळक्यामागे शांत उभे राहायचे आणि नंबर आला की म्हणायचे, "बाय, मोटारींचा देस का कुठला? पोरीचा पाय मोडलाय. झोपून हाय." त्यांच्या मुलीचं नाव सुवर्णा. ती बारा वर्षांची होती. जांभळावरून पडून तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. दोन्ही बाजूंनी पायाला चिकटपट्ट्या लावून त्याला वजन टांगलं होतं आणि सहा आठवडे ती खाटेवर उताणी होती. काका बोटीवर होता, त्यानं आणलेलं गेमचं यंत्र खाटेशेजारी ठेवलं होतं. सिस्टर दुकानात असल्या तर हसुरामना थांबवून विचारायच्या, टाचेखाली काय ठेवलंय, पाठ लाल झालीय का, पाणी पिते का. एकदा त्यांना मऊ कापडाची चुंबळ कशी करायची ते दाखवून दिली होती.

एका शनिवारी दुपारी हसुराम आले ते टोपी हातात घेऊन. नंबराला थांबले नाहीत.

"बाय, सिस्टर कुठं हायेत?"

"घरी. पण आज शनिवार आहे, काका. काय झालं?"

"फोटो काढला, हाड जुळलंय. डाक्टर म्हनले आता पट्ट्या काढा. त्यांचा मानूस आलता. पोर त्याला हात लावून देत नाय. पैल्या टायमाला पट्टी बदलताना कुनी वढली, तवा सालपट निघालं व्हतं. ते ती इसरत नाय. आज त्याला लाथ मारली तिनं. त्याच पायानं." त्यांनी टोपीची घडी मोडून पुन्हा घातली. "आता म्हनतात आठ-दहा जनांनी धरा, नायतर हास्पिटलात नेऊन गुंगी देऊ. पोर थरथरतेय वो."

मी दुकान शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकलं आणि त्यांना घेऊन सिस्टरकडे गेले. त्या दारातच खुर्चीवर बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "माझा हात आता चालत नाही, हसुराम. दुसरी कुणी चांगली नर्स बघा. मी नाव सांगते."

हसुराम उंबऱ्यापाशी खाली बसले. आणि सिस्टरनी आपल्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. तो कापत होता.  मग त्या उठल्या, कपाटाचं कुलूप काढलं, बॅग घेतली.

"डॉक्टरांचा कागद आहे? काढायला सांगितलंय हे लिहिलेलं?"

हसुरामनी खिशातून घडी काढली. सिस्टरनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. तेवढ्यानं भागलं नाही. नाक्यावरच्या बूथवरून मला डॉक्टरांना फोन करायला लावला आणि ते स्वतः हो म्हणाल्यावरच त्या रिक्षात बसल्या. बसता बसता मला म्हणाल्या, "त्या मोटारीवाल्या गेमची अजून एक सीडी पेटीत आहे ना? घाण झालेली? ती घे. आणि खोबरेल."

शिरढोणच्या त्या घरात खाटेभोवती बायाबापड्यांचा वेढा पडला होता. कुणी पोरीला दटावत होतं, कुणी गोड बोलत होतं. सुवर्णा भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन्ही मुठी आवळलेल्या. सिस्टरनी सगळ्यांना बाहेर काढलं, तिच्या आईलासुद्धा उंबऱ्याशी बसवलं. मग खाटेशेजारी स्टूल घेतलं. पायाकडे त्यांनी बघितलंही नाही.

"तू सुवर्णा? मोटारींच्या गेममध्ये कितव्या रस्त्यापर्यंत गेलीस?"

सुवर्णा भिंतीचा पोपडा नखानं खरवडायला लागली.

"माझ्याकडे त्याच गेमचा दुसरा भाग आहे. पण डिंक लागलाय, यंत्रात चालत नाही."

भिंतीकडून आवाज आला, "मग साफ करा."

"आज शनिवार. मी शनिवारी सीडीला हात लावत नाही. आमच्यात नसतो लावायचा."

पोरीनं मान वळवली. हे कारण तिला अनपेक्षित होतं. "मग हिला सांगा," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली.

"ही दुकानदार. हिला तुझ्यासारखा वेळ नाही. तू काढतेस का? मी सांगते कसं."

आईनं तिला उशीला टेकवून बसवलं. मी सीडी तिच्या मांडीवर ठेवलेल्या पाटावर ठेवली, कोमट पाण्याची पिशवी दिली. सिस्टर सांगत गेल्या, अगदी मला सांगायच्या तशाच. "कोपरा सोडव. आता एक बोट मागे दाबून ठेव. वर ओढू नको, मागे दुमड. सावकाश. घाई कुणाला आहे?" सुवर्णानं जीभ बाहेर काढून, श्वास धरून ती चिकटी सोडवली. अख्खी निघाली. डिंकावर तेलाचा बोळा ठेवला. आणि मग ती दहा मिनिटं सिस्टर तिला काय सांगत होत्या, तर घाण्याचा बैल कसा डोळे बांधून फिरायचा आणि शनिवारी मोकळा सोडला तरी सवयीनं गोल गोलच कसा फिरायचा. सुवर्णा हसली. उंबऱ्याशी तिच्या आईनं पदर डोळ्यांना लावला.

डिंक निघाला, सीडी धुवून झाली, मी ती यंत्रात घातली. टीव्हीवर मोटारी आल्या. सुवर्णानं यंत्राच्या बटणाकडे हात नेला आणि सिस्टरकडे पाहिलं.

"त्या सीडीला दुखलं नाय ना?"

"ती काही बोलली का?"

पोरीनं सिस्टरच्या हाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुमचा हात कापतोय."

"हो. म्हणून तुझ्या पट्टीला मी हात लावणार नाही. फक्त बाजूची कातडी दाबून धरीन. पट्टी सोडवायची ती तूच. जिथे दुखेल तिथे थांबायचं. नाही जमलं तर उद्या. उद्या नाही तर परवा."

"आनि धरनार नाय कोन?"

"कोणीही नाही."

टांगलेलं वजन सिस्टरनी हसुरामकडून अलगद उतरवून घेतलं. पायाला त्यांनी मला आधार द्यायला लावला. सुवर्णानं स्वतःच्या बोटांनी गुडघ्याजवळच्या पट्टीच्या कडेला तेल लावलं. सिस्टरचा तळवा तिथल्या कातडीवर टेकलेला होता, आणि मी बघत होते, की एकदा टेकल्यावर तो मुळीच कापत नव्हता. पहिलं बोटभर सुटायला पाव तास लागला. दोनदा पोर थांबली. एकदा रडली, पण दुखल्यामुळे नव्हे. "मला वाटलं आता दुखनार," असं म्हणाली आणि पुन्हा तेल घेतलं.  गाई घरी आल्या तेव्हा दुसऱ्या बाजूची शेवटची पट्टी सुटून तिच्या हातात आली. तिनं ती वर धरली. खाली पाय काटकुळा, पांढराफटक, तेलानं चकाकणारा, पण कुठे एक ओरखडा नव्हता.

"आये, बघ! मीच काढली!"

हसुराम आत आले. ते सिस्टरसमोर हात जोडून उभे राहिले. सिस्टर त्यांच्यावर खेकसल्या, "उभे काय राहता? पोरीला लगेच उभी करू नका. डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि मला चहा हवाय." कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला. अर्धा चहा बशीत सांडला. त्या दिवशी त्यांनी तो कापरा हात कुणापासून लपवला नाही.

परतताना रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या. "शुभा, मी आज काहीच केलं नाही गो. नुसतं सांगितलं." मला वाटलं, त्या खंत करताहेत. मी काहीतरी समजूत घालायला गेले. पण समोरून आलेल्या गाडीच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसला. त्या हसत होत्या.

चारच दिवसांनी ते डॉक्टर आमच्या दुकानात आले. पाय बघून त्यांनी विचारलं होतं, की हे कुणी केलं, आणि सुवर्णानं 'मी' असं सांगितलं होतं. मग त्यांना पत्ता लागला. उरणला एक संस्था कोळीवाड्यांतल्या आणि मिठागरांकडच्या मुलींना आरोग्यसेविकेचं शिक्षण देणार होती. शिकवायला जुनी, जाणती नर्स हवी होती. मी सिस्टरना बोलावून आणलं. त्यांनी हात पुढे करून दाखवला. "हा बघा. सुई धरता येत नाही."

डॉक्टर म्हणाले, "सुई मुली धरतील. तुम्ही पोरीच्याच हातून पट्टी काढवून घेतलीत, तेच तर हवंय आम्हाला."

त्यांनी विचार करायला आठवडा मागून घेतला. माझ्या पेटीतल्या उरलेल्या सीड्या त्यांनी त्या आठवड्यात एकटीनं संपवल्या. मग पाकिटं घ्यायला दुकानात आल्या आणि काउंटरवरच उभ्या राहून बहिणीला पत्र लिहिलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं, म्हणून शेवटच्या दोन ओळी मला लिहायला सांगितल्या. 'एवढ्यात येत नाही. रागावू नको. मला नोकरी लागली आहे.' त्रेसष्टाव्या वर्षी. हे लिहिताना मला हसू आलं आणि त्यांनाही.

दिवाळी झाली. बाबांनी प्लायवुडला हात लावला नाही. उलट त्यांनी स्वतः वह्यांचं एक कपाट मागे सरकवून सीड्यांसाठी फळी मारली. सिस्टर त्याच सुमाराला उरणला गेल्या. एक ट्रंक, एक वळकटी आणि बॅग. एसटीत मी त्यांना खिडकीची जागा धरून दिली. त्यांनी जवळ ओढून माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "येत जा गो." गाडी सुटल्यावर वळून बघतील म्हणून मी उभी राहिले, पण त्यांनी तोवर शेजारच्या कोळणीशी बोलायला सुरुवात केली होती.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी दुकानाबद्दल विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "ती ते चालवणार. लग्नानंतरही." आमंत्रण द्यायला मी उरणला गेले. मोरा बंदराच्या वाटेवर कौलारू शाळेसारखी जागा होती. आतून गलका ऐकू येत होता. वीसेक मुली, कुणी परकर-पोलक्यात, कुणी नव्या साडीत, एका टेबलाभोवती जमल्या होत्या आणि मध्ये सिस्टर उभ्या. मला बघून त्यांचे डोळे चमकले. मी पत्रिका काढणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बरी आलीस. बस इथे. बाही वर कर."

"अहो सिस्टर, मी आमंत्रण—"

"ते नंतर. ह्या पोरी एकमेकींचंच ब्लडप्रेशर घेऊन कंटाळल्यात. नवीन माणूस हवा होता."

मी बसले. पहिल्या मुलीनं पट्टा इतका आवळला की माझी बोटं निळी पडली. दुसरीला काही ऐकूच आलं नाही. तिसरीनं जो आकडा सांगितला, त्यावर सिस्टर म्हणाल्या, "हा खरा असेल, तर ह्या बाईचं लग्न राहू दे, पहिल्यांदा हिला झोपव." सगळ्या खदखदून हसल्या. चौथी मुलगी लाजाळू होती, करंजा गावाकडची असावी. तिचे हात थरथरत होते. सिस्टरनी तिच्या हातावर आपला कापणारा हात ठेवला. "हे बघ, माझा तर तुझ्याहून जास्त कापतो. कान शाबूत आहेत ना? मग हवा सोड, हळू. आणि ऐक." ती मुलगी डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिनं आकडा सांगितला. सिस्टरनी कानाला नळ्या लावून स्वतः पडताळून पाहिला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर."

त्या मुलीचा चेहरा असा फुलला की मला माझ्या दंडाचा विसर पडला.

तास संपला तेव्हा शेवटची एसटी निघायला दहा मिनिटं उरली होती. मी घाईघाईनं पत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न उघडताच पिशवीत टाकली. आणखी एक मुलगी दारात वाट बघत होती, तिला काहीतरी पुन्हा विचारायचं होतं. "येईन गो लग्नाला, नक्की येईन," सिस्टर म्हणाल्या, आणि लगेच तिच्याकडे वळून, "हां, तू बोल. पहिल्यापासून सांग."

मी रस्त्यावर आले तरी मागे त्यांचा आवाज ऐकू येत होता, मोठा, खणखणीत, कुणालातरी रागावणारा. दंड चांगलाच ठणकत होता. तो चोळत मी एसटीकडे पळाले.